रेडिएशननंतर दातातलं सिमेंट टिकत नाही का? (तीनदा भरलं, तीनदा पडलं)

खाडीकाठ | मंगळवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचक आहे. आज लिहायला वेळ आणि राग दोन्ही एकदम मिळाले.

माझ्या सासऱ्यांना (वय ६७) दोन वर्षांपूर्वी डाव्या गालाला आतून कॅन्सर निघाला. वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षं लेथ चालवली आणि तितकीच वर्षं तंबाखू मळली. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे ३० शेक. आता तपासण्या व्यवस्थित आहेत, देवाची कृपा.

पण दात! डावीकडे खाली, सुळ्याच्या मागच्या दोन दातांना अगदी हिरडीलगत खड्डे पडले. अकरा महिन्यांत तीनदा सिमेंट भरलं. पहिलं चार महिने टिकलं, दुसरं अडीच, तिसरं परवा मऊ भात खाताना निघालं. भात! दर वेळी बाराशे रुपये, शिवाय बाबांना कोपरीहून रिक्षाने नेणं-आणणं वेगळं.

पहिले डॉक्टर म्हणाले, "रेडिएशन झालेल्या दाताला सिमेंट धरतच नाही, माझा इलाज नाही." दुसरीकडे गेलो तर ते म्हणाले, "असं काही नसतं, आधीच्यांनी ओल्यावर भरलं असणार." मग यांनी भरलेलंही पडलं. आता काय बोलणार?

तर प्रश्न एक : यातलं खरं काय? प्रश्न दोन : दर वेळी भरण्याआधी दाताचा एक्स-रे काढतात. शेजारच्या काकू म्हणतात, "आधीच एवढं रेडिएशन, त्यात हे आणखी, म्हणून सुटतंय." तसं असतं का?

चहाबाज | रात्री १०:३१

तिसऱ्या डॉक्टरांकडे जा, तिसरं कारण मिळेल. (दिवे घ्या ताई. बाबांना बरं वाटो.)

ऐरोली_लोकल | रात्री १०:४४

मला शेकच काय, उन्हाचा चटकासुद्धा फारसा लागलेला नाही, तरी माझं सिमेंट दोनदा पडलं. एकदा लोणावळ्याच्या चिक्कीने, एकदा कारण नसताना, वाशी स्टेशनात शिंकलो तेव्हा. त्यामुळे सगळं खापर रेडिएशनवर फोडू नका. सिमेंट पडतं, हा त्याचा स्वभाव आहे.

सानपाडा_एक्सप्रेस | रात्री ११:०५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हा सगळा धंदा आहे. माझ्या दाढेत १९९१ साली भरलेली चांदी आजही जागेवर आहे. तेव्हा निळा लाईट नव्हता, एक्स-रे नव्हता, डॉक्टरांनी खलबत्त्यात कुटावं तसं कुटून भरलं होतं. आता दाताच्या रंगाचं पाहिजे, चकाचक पाहिजे, आणि मग पडलं की परत या. तो निळा लाईटसुद्धा रेडिएशनच ना? म्हणजे रेडिएशननेच चिकटवायचं आणि रेडिएशननेच सुटायचं!

दंतकथा | रात्री ११:५२

ठाण्यातच दवाखाना आहे माझा, अठरा वर्षं झाली. झोपायला निघाले होते, पण हा धागा दिसला. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आधी सोपा प्रश्न. दाताच्या छोट्या एक्स-रेने सिमेंट सुटत नाही. त्यात साधारण ५ मायक्रोसिव्हर्ट मिळतात (सिव्हर्ट हे किरणांचा डोस मोजायचं एकक, हजार मायक्रो म्हणजे एक मिलि). जमीन, आकाश, अन्न यांतून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे रोजचे सहा-सात मायक्रोसिव्हर्ट. एक एक्स-रे म्हणजे जगण्याचा जेमतेम एक दिवस. बाबांच्या जबड्याला मिळालेला डोस वेगळ्याच गावचा आहे. ३० शेक म्हणजे बहुतेक रोज २ ग्रे (शरीराने शोषलेल्या किरणांचं माप), एकूण ६०. काकूंना माझा नमस्कार सांगा आणि एक्स-रे काढू द्या, तो काढला नाही तर आत काय चाललंय ते कळणार नाही. निळा लाईट हा साधा दिसणारा प्रकाश, त्याने आतलं रसायन घट्ट होतं. त्याचा आणि शेकाचा संबंध पणती आणि वीज पडणे इतकाच.

आता अवघड प्रश्न. दोघेही डॉक्टर अर्धे-अर्धे बरोबर आहेत.

दाताच्या रंगाचं सिमेंट चिकटतं कसं, ते बघा. वरचं कवच, म्हणजे इनॅमल, वजनाने ९६ टक्के खनिज. त्याला ॲसिड लावलं की पृष्ठभाग खरखरीत होतो आणि द्रव त्या बारीक खाचांत शिरून घट्ट बसतो. १९५५ पासूनची ही युक्ती, आजही चालते. घोळ खालच्या थराचा, डेंटिनचा. त्यात खनिज ७० टक्के, बाकी कोलॅजनचे धागे आणि पाणी. ॲसिडने खनिज निघालं की धाग्यांची ओली जाळी उरते, आणि आपलं चिकटद्रव्य त्या जाळीत मुरून घट्ट व्हावं लागतं. सगळी भिस्त त्या जाळीवर. किरणांनी तीच जाळी ठिसूळ होते. शिवाय दातात झोपून असलेली, कोलॅजन कुरतडणारी विकरं (एन्झाइम) जागी होतात असंही दिसलंय. इनॅमल आणि डेंटिन जिथे भेटतात तो सांधाही कमकुवत होतो, म्हणून अशा दातांचं कवच कधीकधी कपच्या निघाव्यात तसं निघतं.

प्रयोगशाळेत काढलेल्या दातांना ६०-७० ग्रे देऊन, त्यावर सिमेंट चिकटवून, मग ओढून किती जोर लागतो ते मोजतात. निकाल एकसारखे येत नाहीत. काहींत पकड कमी झालेली, काहींत फरकच नाही. पण शेक आधी आणि भरणं नंतर, यात डेंटिनवरची पकड घटल्याचं बऱ्याच ठिकाणी दिसतं. आधी भरून मग शेक दिला तर तितकी घटत नाही.

मात्र "धरतच नाही" हेही खरं नाही. माझ्याकडे शेकानंतर भरलेले आणि पाच वर्षं टिकलेले दात आहेत.

ताई, तीन गोष्टी सांगा. पडलेला तुकडा ठेवलाय का? ठेवला असेल तर दाताकडची बाजू कशी दिसते, स्वच्छ की काही चिकटलेलं? आणि बाबांचं तोंड किती उघडतं, तीन बोटं उभी मावतात का?

दंतकथा | रात्री ११:५८

सानपाडा, तुमची चांदी मुळात चिकटवलेलीच नव्हती. तिच्यासाठी खड्डा तोंडाला अरुंद आणि तळाला रुंद कोरतात, ती आत अडकून बसते, रांजणात हात अडकावा तशी. त्यासाठी चांगला दातही कोरावा लागायचा. हिरडीलगतच्या उथळ खड्ड्यात ते करायला जागाच नसते. आणि त्या चांदीत पारा असतो, त्यामुळे जगभर तिची पाठवणी चालू आहे, युरोपीय संघाने तर २०२५ पासून जवळजवळ बंदच केली.

सानपाडा_एक्सप्रेस | रात्री १२:१०

माझा पारा मात्र अजून चढलेलाच आहे. पण रांजणाचं पटलं.

अणुरेणू | बुधवार, पहाटे ५:४०

पहाटे उठण्याची सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्रात चौतीस वर्षं काढली, छातीवर डोस मोजायचा बिल्ला लावून. आता वाशीत असतो. दात हा माझा प्रांत नाही, ग्रे आहे.

ग्रे म्हणजे किलोमागे एक जूल ऊर्जा. ६० ग्रे ऐकायला मोठं वाटतं, पण तेवढ्या ऊर्जेने पाणी तापवायला गेलात तर एका अंशाचा सत्तरावा भाग तापेल. म्हणजे 'शेक' हा शब्दच फसवा. शेकत काहीच नाही. जे होतं ते पाण्याचे रेणू फुटून. त्यातून हायड्रॉक्सिल मूलकं सुटतात आणि ती शेजाऱ्यांना चावत सुटतात. जिथे पाणी आणि सेंद्रिय पदार्थ जास्त, तिथे नुकसान जास्त. दंतकथाताईंनी सांगितलेला इनॅमल-डेंटिनचा फरक या हिशोबात चपखल बसतो.

आता सिमेंटचं. ते प्लास्टिकच्या जातीचं. आमच्याकडे ट्रॉम्ब्याच्या आयसोमेडमध्ये १९७४ पासून इस्पितळाचं सामान गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, त्याचा नेहमीचा डोस २५,००० ग्रे. वाशीच्या केंद्रात मसाल्यांना ६ ते १४ हजार ग्रे देतात, म्हणजे हळद-मिरचीसुद्धा बाबांच्या शंभरपट-दोनशेपट सोसून येते. तेव्हा ६० ग्रेने सिमेंटचं स्वतःचं फारसं काही बिघडत नसावं असा माझा अंदाज.

मग ६० ग्रेने बिघडतं काय? लासलगावला कृषक नावाचं केंद्र आहे, २००२-०३ पासून. तिथे कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ६० ते ९० ग्रे देतात. कांदा दिसायला तसाच राहतो, चवीला तसाच, फक्त त्याच्यातली वाढायची ताकद जाते. खालचा आकडा म्हणजे नेमका बाबांच्या जबड्याचा डोस.

चहाबाज | सकाळी ७:१५

म्हणजे बाबांना आता मोड येणार नाहीत.

खाडीकाठ | सकाळी ७:५०

बाबांना वाचून दाखवलं. खूप दिवसांनी मोठ्याने हसले. म्हणाले, "लेथवर होतो तेव्हा लोखंड, आता कांदा. प्रमोशन की डिमोशन ते विचार."

दंतकथाताई, संध्याकाळी सविस्तर लिहिते. तुकडा आहे! आमच्याकडे काही टाकत नाहीत. कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय बाबांनी.

दंतकथा | सकाळी ९:०५

काका, तुमचा कांदा आता माझ्या पेशंटना सांगणार, परवानगी असावी. एक दुरुस्ती. कांद्याचा कोंब विभागणाऱ्या पेशींचा, म्हणून तो मरतो. लाळग्रंथींच्या पेशी फारशा विभागत नाहीत, त्या हिशोबाने त्या चिवट असायला हव्यात. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात ढेपाळतात. पेशंट पाचव्या-सहाव्या शेकाला सांगतो, "मॅडम, थुंकी चिकट झाली." कानासमोरच्या मोठ्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेच्या वर गेलं की ती पुन्हा नीट चालू होणं कठीण.

अणुरेणू | सकाळी ९:२०

दुरुस्ती मान्य. निर्जीव वस्तूंसोबत नोकरी केल्याचा परिणाम.

उपदाढ | सकाळी ११:३०

मी पण दंतवैद्य, पनवेलकडे. दंतकथा मॅडमच्या बऱ्याच मुद्द्यांना अनुमोदन, पण दोन ठिकाणी पटलं नाही.

एक, प्रयोगशाळेतल्या ओढाताणीवरून तोंडातलं सांगू नये. तो काढलेला दात पाण्यात किंवा कृत्रिम लाळेत ठेवलेला असतो. तिथे जंतू नाहीत, जेवण नाही, कोरडं तोंड नाही. रेडिएशनच्या पेशंटचा खरा शत्रू कोरडं तोंड आहे. आपल्याला दिवसाला अर्धा ते एक लिटर लाळ सुटते, ती दर जेवणानंतर ॲसिड धुते, कॅल्शियम परत देते. ती गेली की इनॅमल साडेपाच पीएचला विरघळायला लागतं, आणि हिरडीलगतचं उघडं मूळ तर सहाच्या वरच. म्हणून त्यांची कीड नेहमीच्या दाढेच्या खाचेत न होता दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीलगत, आणि टोकांवर होते, जिथे एरवी कोणाला होत नाही. चिकटद्रव्य कितीही भारी वापरा, कडेचा दातच विरघळला तर ते धरणार कशाला?

दोन, अशा ठिकाणी मी दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट वापरतच नाही. ग्लास आयोनोमर. ते दाताच्या कॅल्शियमशी थेट रासायनिक बंध करतं, जाळीबिळीची भानगड नाही, वर फ्लोराईड सोडत राहतं.

आणि तुकड्यावरून निदान इंटरनेटवर करू नये, असं नम्र मत.

दंतकथा | दुपारी २:१०

निदान करत नाहीये, डॉक्टर. तुम्हीसुद्धा दवाखान्यात तुकडा उलटा करून बघतच असाल.

ग्लास आयोनोमरबद्दल : कोरड्या तोंडात ते तडकतं, झिजतं, लवकर निघतं. अशाच पेशंटांवर जे अभ्यास झाले त्यांत ते कॉम्पोझिटपेक्षा जास्त संख्येने निघालं. मात्र निघालं तरी कडेला नवी कीड कमी सापडली. कॉम्पोझिटचं उलट, भराव जागेवर आणि कडेने दात पोखरलेला. म्हणजे निवड अशी की पडलेलं परत भरायचं, की टिकलेल्याच्या खाली कीड होऊ द्यायची.

उपदाढ | दुपारी २:४५

मी पडलेलं परत भरेन. पडलं की पेशंट येतो. टिकलं की तो दोन वर्षं फिरकत नाही आणि येतो तेव्हा दात मोडलेला असतो.

दंतकथा | दुपारी ३:०२

हे मात्र लाख बोललात. मी दोन्हींच्या मधलं, रेझिन मिसळलेलं आयोनोमर वापरते, पण तुमचा मुद्दा बिनतोड आहे.

ऐरोली_लोकल | दुपारी ३:३०

दोन दंतवैद्य एका मुद्द्यावर सहमत. या क्षणाचा एक्स-रे काढून ठेवा.

वाशीची_मावशी | दुपारी ४:१५

मला शास्त्र कळत नाही बाई, अनुभव सांगते. आमच्या यांना सहा वर्षांपूर्वी जिभेचा होता. खारघरच्या टाटात उपचार घेतले. शेक सुरू व्हायच्या आधीच त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. दोन दाढा काढल्या, तीन भरल्या, जखम भरेपर्यंत थांबवलं, मगच शेक. तेव्हा मी चिडले होते, म्हटलं कॅन्सर वाढतोय आणि हे दात घासत बसलेत. आज कळतं. ते तिन्ही भरलेले आहेत अजून.

दातांच्या मापाचे दोन पारदर्शक साचे करून दिले होते. त्यात जेल घालून रोज रात्री दहा मिनिटं तोंडात धरायचं, थुंकायचं, वर पाणी प्यायचं नाही. सहा वर्षं चालू आहे, रात्रीच्या बातम्या आणि साचा एकत्र. मीठ-सोड्याच्या गुळण्या दिवसातून पाच-सहा. आणि आइसक्रीमच्या काड्या दातांत धरून तोंड उघडायचा व्यायाम, दर आठवड्याला एक काडी वाढवायची. आमच्याकडे सतरापर्यंत गेली होती. तेवढं आइसक्रीम आमच्या अख्ख्या सोसायटीने खाल्लं नसेल.

खाडीकाठ बाळा, एक विचारते. तोंड कोरडं पडतं ना बाबांचं? मग दिवसभर चघळतात काय?

सानपाडा_एक्सप्रेस | सायं. ५:००

अवांतर : आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या मोबाईल टॉवरवरून तीन सभा झाल्या. एक गृहस्थ म्हणाले की टॉवरमुळे त्यांची कॅप सैल झाली. आता हा धागा छापून नोटीसबोर्डावर लावतो.

अणुरेणू | सायं. ५:२५

टॉवरच्या लहरींत रेणू फोडण्याइतका दम नसतो. कॅप सैल होण्यासाठी सभेत दात-ओठ खाणं पुरेसं आहे.

खाडीकाठ | रात्री ९:३५

आले. आज ऑफिसातून येताना ट्रान्स हार्बरला उभं राहून सगळं पुन्हा वाचलं.

तुकडा डबीतून काढून ट्यूबलाईटखाली बघितला, मग नवऱ्याच्या मोबाईलच्या टॉर्चमध्ये. तांदळाच्या दाण्याएवढा. बाहेरची बाजू गुळगुळीत, पांढरट. दाताकडच्या बाजूला मात्र तपकिरी, खारकेच्या सालीसारखं काहीतरी चिकटलंय. नखाने खरवडलं तर निघतं. मऊ आहे. म्हणजे सिमेंट दात घेऊनच बाहेर आलं की काय?

तोंड दोन बोटं उघडतं, तेही ओढून. काड्यांचा व्यायाम कोणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला असेल आणि त्या दिवसांत आमच्या डोक्यात शिरला नसेल. शेकाच्या आधी दातांचं कोणी काही बोललं नाही हे नक्की. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, बाकी इलाज त्यांनी नीट केला.

आणि मावशी, तुम्ही कुठून ओळखलंत? खडीसाखर. खिशात पुडी असते. रात्री उशाशी वाटीत. तोंडाला कोरड पडते, तंबाखू तर सोडली, मग एक खडा गालात. मीच आणून देते, दर महिन्याला पाव किलो. मला वाटायचं तंबाखूपेक्षा हजारपट बरी.

जेलची एक ट्यूब मिळाली होती खरी, शेक संपल्यावर. झोंबायची म्हणून महिन्याभरात बंद केली.

वाशीची_मावशी | रात्री ९:४८

आमच्याकडे लिंबाच्या गोळ्या होत्या. दातांच्या डॉक्टरांनी पुडी माझ्या हातातून घेऊन कचऱ्यात टाकली होती, म्हणून माहीत. तू स्वतःला बोल लावू नकोस.

दंतकथा | रात्री १०:३०

खरंच, स्वतःला बोल लावू नका. तंबाखू सोडवलीत हे त्यातलं सगळ्यात मोठं काम आहे.

तुकडा पाहिल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही (उपदाढ डॉक्टर, ऐकताय ना?), पण चिकटलेलं तपकिरी मऊ असेल तर सांधा सुटला नाही, सांध्याखालचा दात मऊ होऊन सिमेंटसोबत निघून आला. भिंतीचा रंग पोपडा होऊन पडतो तेव्हा मागे गिलाव्याची भुकटी चिकटलेली असते, तसं. तिथे रंगाच्या कंपनीला शिव्या देऊन उपयोग नसतो, भिंतीत ओल असते.

मग तीनदा का पडलं? माझ्या मते सगळं एकत्र आलं. मुळात शेक लागलेला डेंटिन, त्यात हिरडीलगत जागा, जिथे पकड द्यायला इनॅमल जवळजवळ नसतंच. तोंड दोन बोटं उघडतं म्हणजे डॉक्टरांना ते कोरडं ठेवता आलं नसणार, हिरडीतून जरा रक्त आलं की संपलं. हे दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं, आणि ते स्वतःसुद्धा त्याच अडचणीत सापडले. आणि वरून चोवीस तास साखर, धुवायला लाळ नाही. यात शेकाने पकड किती घटवली आणि खडीसाखरेने दात किती खाल्ला, याची वाटणी कोणीच करून देऊ शकणार नाही.

आता काय करायचं, ते प्रत्यक्ष बघणारे डॉक्टर सांगतील. त्यांना विचारा : फ्लोराईडचं जेल ॲसिडवालं होतं का? झोंबण्याचं ते एक कारण असू शकतं, आणि ते ग्लास आयोनोमरलाही खातं. न्यूट्रल सोडियम फ्लोराईड १.१ टक्के मिळतं, ते मागा. आणि काहीही झालं तरी खालचा दात कोणी "पटकन काढून टाकू" म्हणालं तर थांबवा. शेक लागलेल्या जबड्याचं हाड काढल्यानंतर भरून येत नाही असं होऊ शकतं, आणि हा धोका वर्षं उलटली तरी संपत नाही. रेडिएशनवाल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दात काढायचा नाही.

उपदाढ | रात्री १०:४१

ऐकतोय. तुकडा बघण्याबद्दलचं विधान मागे. दात काढण्याबद्दल मॅडम म्हणतात ते शंभर वेळा लिहून काढा.

चहाबाज | रात्री १०:५०

विनोद करणार होतो, पण हात तोंडावर ठेवून आरशात दात बघून आलो.

खाडीकाठ | पाच आठवड्यांनंतर, रविवार

धागा वर काढतेय, हिशोब द्यायचा राहिला होता.

तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो (चहाबाज, जिंकलात). डबी दाखवली. त्या हसल्या नाहीत, भिंगाखाली धरून बघितला तुकडा. लगेच भरलं नाही. आधी मऊ झालेलं काढून तात्पुरतं आयोनोमर लावलं, साचे करायला माप घेतलं. एवढंसं तोंड, माप घ्यायलाच दोन खेपा झाल्या. नवं जेल झोंबत नाही. काड्या अकरावर आहेत, कोपरीच्या बेकरीवाल्याने नव्या काड्यांचं अख्खं पाकीट फुकट दिलं. पक्कं भरणं कडा शांत झाल्यावर, म्हणजे अजून महिनाभराने. "किती टिकेल?" विचारलं तर म्हणाल्या, "तीन महिन्यांनी दाखवायला या, पडो न पडो."

खडीसाखर बंद. त्यावर दोन दिवस अबोला होता. आता पाण्याची छोटी बाटली गळ्यात अडकवून फिरतात, शाळेतल्या मुलासारखी. नातवाची जुनी आहे, तिच्यावर अजून त्याचं नाव आणि तुकडी आहे.

घणसोली_घाट | रविवार, दुपारी १:२०

सगळ्यांना नमस्कार. धागा वर आला म्हणून दिसला. माझ्या आईचं, जबड्याचं, रेडिएशन आठ दिवसांनी सुरू होतंय. तिची खालची दाढ ठणकतेय. घरचे म्हणतात शेक होऊन जाऊ दे, दातांचं नंतर बघू. काढायची की भरायची की थांबायचं? उत्तर इथे मिळणार नाही हे कळतंय, पण विचारू कोणाला, रेडिएशनवाल्यांना की दातवाल्यांना?

दंतकथा | रविवार, दुपारी १:२६

दोघांना, आणि उद्याच. काढायची ठरली तर जखम भरायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तुमच्याकडे आठ दिवस आहेत, तेव्हा शेक पुढे ढकलायचा की दाढ वाचवायची हे त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायला हवं. "नंतर बघू" हा पर्याय सगळ्यात वाईट. आईच्या तोंडात चांदी किंवा धातूची कॅप असेल तर तेही सांगा, धातूवरून किरणं उडून शेजारचा गाल जास्त सोलवटतो, त्यासाठी मध्ये जाडसर पॅड ठेवतात.

घणसोली_घाट | रविवार, दुपारी १:४०

चांदी आहे, दोन दाढांत. ठणकतेय त्याच बाजूला. उद्या सकाळी फोन लावते, नाही उचलला तर थेट जाऊन बसते.

खाडीकाठ | रविवार, दुपारी १:४४

जाऊन बस. फाईल ने, जुना एक्स-रे असेल तर तोही ने. आणि आई काय चघळते ते आत्ताच बघ.